सहाच्या खालची रेघ

तिला तोंडावर सगळे ताई म्हणत आणि पाठीमागे तवा. जुनी गिऱ्हाइकं दुकानात शिरण्याआधी काचेच्या दारातून डोकावत आणि काउंटरवर बसलेल्या तिच्या थोरल्या नणंदेला भुवया उडवून विचारत, "तवा तापलाय का?" नणंद हाताचा पंजा हलवून सांगे: थोडासा, बराच, किंवा आज येऊच नका. आतल्या खोलीत बसलेल्या ताईला हे सगळं ऐकू येई, आणि त्यानं तवा आणखी तापे.

तिचं काम म्हणजे बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधून लोकांचं गेलेलं परत काढणं. कधी एखादी सुटी डिस्क, तर कधी सहा-आठ डिस्क एकत्र बसवलेली ऑफिसातली मोठी पेटी, जिच्यात सगळ्या खोल्यांतले कॉम्प्युटर आपापला माल ठेवतात. अशी पेटी बसली की आख्खं ऑफिस बसतं. मग रडवेल्या तोंडाची माणसं पेटी उचलून तिच्याकडे येत, आणि ती पहिला प्रश्न विचारी, "बंद पडल्यावर काय काय केलंत?"

या प्रश्नाचं खरं उत्तर तिला दुकान काढल्यापासूनच्या आठ वर्षांत दोनदा मिळालं असेल. बाकी सगळे म्हणत, "काही नाही." काही नाही म्हणजे एकानं डिस्क फ्रीजमध्ये भेंडीच्या पिशवीशेजारी ठेवून पाहिली होती. काही नाही म्हणजे दुसऱ्यानं ती टेबलावर आपटली होती, "पण हलकेच हं, ताई." तिसऱ्याच्या मेहुण्यानं तर स्क्रू काढून आत फुंकर मारली होती, आणि वर तोच मेहुणा सोबत येऊन आणखी काय करता येईल ते सुचवत होता. त्याला ती दुकानाच्या पायरीपर्यंत बोलत बोलत सोडून आली होती. भिंतीवर तिनं हातभर अक्षरात लिहून ठेवलं होतं: बंद पडलं की बंदच ठेवा. लोक ते वाचून मान डोलवत, आणि पिशवीतून उघडलेली डिस्क काढत.

कुणाला वाटे, एवढ्या रागामागे काहीतरी जुनं दुःख असणार. हिचंच काही मोलाचं गेलं असेल, एखादा फोटो, कुणाचा तरी आवाज. तसलं काही नव्हतं. ती पहिलीत होती तेव्हाही अशीच होती. शेजारच्या मुलीनं तिच्या पेटीतले खडू उलटसुलट लावले म्हणून तिनं वर्ग डोक्यावर घेतला होता. वस्तू जिथली तिथे आणि जशीच्या तशी असावी, यापलीकडे जगाकडे तिचं काही मागणं नव्हतं, आणि जग तेवढंही द्यायला तयार नव्हतं.

म्हणून तिच्याकडे सगळ्याला आकडे होते. स्क्रूड्रायव्हरना, ड्रॉवरना, घरी स्वयंपाकघरातल्या डब्यांनासुद्धा. पांढऱ्या पट्टीवर काळ्या पेनानं ठसठशीत आकडा, आणि सहा आला की त्याच्या खाली एक आडवी रेघ, उलटा धरून कुणी नऊ वाचू नये म्हणून. नणंद त्यावरून तिची खेचायची.

"अगं, डबे आपल्याकडे सहाच. नववा कुणी वाचला तरी आणणार कुठून?"

"वन्सं, लोकांचा काही भरवसा नाही," ती म्हणे. हे ती अगदी मनापासून म्हणे.

एका मंगळवारी सकाळी एका तपासणी केंद्राचे व्यवस्थापक आले. एक्सरे आणि स्कॅन काढणारं मोठं केंद्र. मालक मोठे डॉक्टर आणि हे त्यांचे जावई. केंद्रात त्यांना सगळे जावईबापूच म्हणत, आणि तेही त्या नावाला खुशाल ओ देत. कडक इस्त्रीचा शर्ट, आणि आवाज इतका हळू की समोरच्याला पुढे वाकावं लागे. मोठ्यानं बोलणारी माणसं निदान काय ते समोर तरी मांडतात. या हळू बोलणाऱ्यांपासून चार हात लांब राहावं. त्यांच्या मागे खांद्याची पर्स घट्ट धरून छप्पन्न-सत्तावन्नच्या एक बाई उभ्या होत्या. जावईबापूंनी भाजीला नेतात तसली प्लॅस्टिकची पिशवी टेबलावर ठेवली. आत सहा डिस्क एकमेकींवर खडखडल्या.

ताईच्या डोक्यात तिडीक गेली. "पिशवीत?"

"पुसून आणल्या आहेत," जावईबापू म्हणाले. "धूळ फार होती हो."

"कुठल्या खणातली कुठली, खुणा केल्यात?"

"सहाही सारख्याच दिसतात की."

पेटीचं गणित असं असतं: एकेका चित्राचे तुकडे करून ती सहाही डिस्कवर पसरते, शिवाय थोडा हिशेब जास्तीचा लिहून ठेवते. त्यामुळे सहांपैकी एक मेली तर उरलेल्या पाचांवरून तिचं सगळं भरून काढता येतं. दोन गेल्या की खेळ खलास. आणि कुठली डिस्क कितव्या खणात होती हे ठाऊक नसेल तर तुकडे जुळवायच्या सातशे वीस तऱ्हा होतात.

"शांतपणे सांगतो," जावईबापू म्हणाले. "आमच्या पेटीत नऊ वर्षांचं रेकॉर्ड आहे. काल सकाळी तिच्या पडद्यावर आलं, डिस्क २ निकामी. कंपनीला फोन केला. ते म्हणाले, दोन नंबरची काढा, नवी घाला, पेटी आपोआप सावरेल. या आमच्या एक्सरेमावशी. रेकॉर्डची खोली यांच्याकडे. यांनी काढली आणि त्या क्षणी सगळं ठप्प. खराब डिस्क राहिली आत, आणि यांनी ओढली चांगली."

"मी दोन लिहिलेलीच काढली," मावशी म्हणाल्या.

झालं. तवा लालबुंद झाला.

"दोन लिहिलेली काढली असती तर पेटी चालू नसती का राहिली? अहो, दोन! एक, दोन! बालवाडीतलं पोर सांगेल! रेकॉर्ड सांभाळता म्हणे, आणि तुम्हाला दोनपर्यंत मोजता येत नाही? लोकांची हाडं, लोकांची फुप्फुसं, नऊ वर्षांचं सगळं आहे त्यात, आणि तुम्ही हात घालता कुठेही?"

बाहेर काउंटरशी उभी असलेली दोन गिऱ्हाइकं वळून बघू लागली. नणंदेनं लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं. मावशींचा चेहरा कानापर्यंत तापला होता, पण त्यांनी मान खाली घातली नाही.

"मी लिहिलेलं वाचलं, बाई," त्या एवढंच म्हणाल्या.

"ऐकलंत ना मावशी? तज्ज्ञ बाईच सांगतायत," जावईबापू म्हणाले, आणि ताईकडे वळले. "तुमच्या रिपोर्टात कारण तेवढं स्पष्ट लिहा. नावानिशी. शुक्रवारी मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवायचाय. खोलीची किल्ली मी यांच्याकडून कालच काढून घेतली आहे, आता कामावर ठेवायचं की नाही ते रिपोर्ट बघून ठरेल. बावीस वर्षं झाली यांना इथे, निवृत्तीला दोनच राहिली. वाईट वाटतं. पण चूक ती चूक."

आपण ओरडलो ते या माणसानं घडी घालून खिशात ठेवलं, असं ताईला क्षणभर वाटलं. पण ती रागात होती, आणि रागात तिला आपलं सगळंच बरोबर वाटत असे. तिनं सहा डिस्क पिशवीतून एकेक करून काढल्या, मऊ कापडावर मांडल्या, आणि दोघांना जायला सांगितलं.

पाच डिस्क धडधाकट निघाल्या. सहावी चालू केली की टकटक करी आणि थांबे. ती मेलेलीच होती, तिची गरजही नव्हती. ताईनं पाचांच्या जशाच्या तशा नकला उतरवल्या, कारण मूळ मालाला हात लावायचा नाही हा तिचा नियम होता. मग क्रमाशी अडली. तुकड्यांच्या कडा बघून क्रम लावता येतो, तिनं कितीदा लावला होता, पण एक्सरेमध्ये निम्मं चित्र काळंच असतं, आणि काळ्याला काळं कुठेही जुळतं. बुधवारी दुपारी तिनं केंद्राला फोन केला. "रिकामी पेटी पाठवा. डिस्क बसवायचे ट्रे आत असतील तसेच राहू द्या. कुणी पुसायचं नाही. पुसलंत तर याद राखा!"

गुरुवारी सकाळी पेटी घेऊन आल्या त्या एक्सरेमावशीच. दोन बस बदलून, पेटी मांडीवर धरून. नणंदेनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं. आतल्या खोलीत ताईला दोघींचं बोलणं ऐकू येत होतं.

"किल्ली कमरेला असायची हो," मावशी सांगत होत्या. "अजून हात जातो. काल जावईबापू रेकॉर्ड शोधायला गेले, दीड तास सापडेना. मी दारात उभी. मला आत यायची बंदी. मी बाहेरून सांगत होते, डावीकडचं कपाट, वरून तिसरा कप्पा. त्यांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं."

ताईनं पेटीचं झाकण उघडलं. सहा रिकामे ट्रे, प्रत्येकाच्या तोंडावर पिवळट पडलेली पांढरी पट्टी. पट्टीवर आकडा, त्याखाली बारीक अक्षरात त्या डिस्कवर छापलेल्या नंबरातली शेवटची चार अक्षरं. कुणीतरी शहाण्यानं काम केलंय, तिच्या मनात आलं. आता क्रम चुटकीसरशी लागेल. तिनं मेलेली डिस्क उचलली, तिची शेवटची चार अक्षरं वाचली आणि ट्रेवर शोधली. ती तीन नंबरच्या ट्रेवर सापडली.

तीन?

पडद्यावर तर दोन आलं होतं. तिनं पेटीला वीज दिली. अशी पेटी आत एका चिपवर काय घडलं ते वेळेसकट टिपून ठेवते, डिस्क नसल्या तरी ते वाचता येतं. सोमवारी सकाळी, नऊ वाजून दहा: डिस्क २ निकामी. पुढे तीच चार अक्षरं. अकरा वाजून चाळीस: डिस्क १ काढली गेली. पुढची चार अक्षरं दोन नंबरच्या पट्टीवर होती. पेटी शून्यापासून मोजते. तिचा पहिला खण शून्य, दुसरा एक, तिसरा दोन. पट्ट्या लावणाऱ्यानं मात्र एकपासून आकडे टाकले होते. पेटी ज्याला दोन म्हणत होती त्यावर पट्टी होती तीनची, आणि मावशींनी, कुणीही शहाण्या माणसानं ओढावी तशी, दोन लिहिलेली ओढली होती.

"कोण तो गाढव?" ताई मोठ्यानं म्हणाली. "कुणी लावल्या या पट्ट्या? हात कलम करायला हवेत!"

आणि मग तिची नजर शेवटच्या ट्रेवर गेली. सहा. खाली आडवी रेघ.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात. तिची गेली, आणि तिथे पोचल्यावर तिला कळेना की आता ओरडायचं कुणावर. दुकान काढण्याआधी तीन वर्षं ती पेट्या पुरवणाऱ्या कंपनीच्या गोदामात होती. पेट्या तिथेच तयार होत, खोक्यात भरून कुठे जात ते तिला माहीतही नसे. पट्ट्यांची कल्पना तिचीच होती. त्याआधी कुणी पट्ट्या लावत नसे. साहेबांनी सगळ्यांना बोलावून तिचं कौतुक केलं होतं, सहाखालची रेघ दाखवून म्हणाले होते, याला म्हणतात काम. पेटी शून्यापासून मोजते हे तिला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं. पण माणसं शून्यापासून मोजत नाहीत, म्हणून माणसांच्या सोयीसाठी एकपासून, असं तिनं परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणी उलटं धरून नऊ वाचेल, एवढी बारीक काळजी तिला सुचली होती. सरळ धरून दोन वाचणाऱ्या बाईचं काय होईल, हे सुचलं नव्हतं.

ती ट्रे हातात घेऊन बाहेर आली. नणंदेनं पट्टी पाहिली, रेघ पाहिली, आणि तोंडावर हात ठेवला. घरातले डबे तिच्याइतके कुणी पाहिले होते?

"मावशी, ही पट्टी माझी आहे," ताई म्हणाली, आणि काय झालं ते सांगितलं. न थांबता, एका दमात. मावशींनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे मी बरोबर वाचलं?"

"हो."

"दोनपर्यंत मोजता येतं मला?"

"येतं," ताई म्हणाली. " मावशी, मी रिपोर्टात लिहिते. माझं नाव घालून लिहिते."

"लिहा," मावशी म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज चढला. बावीस वर्षं रुग्णांच्या रांगेवरून हाका मारलेला आवाज होता तो. "लिहा, आणि तो कागद जावईबापू ड्रॉवरमध्ये घालतील. मला ओरडलात ते चार माणसांत ओरडलात ना? घरी गेले तर लेक विचारते, आई, तोंड का असं झालंय? काय सांगू तिला? मीच दोन दिवस बोटं मोजून बघतेय, एक, दोन, एक, दोन. वेड लागायची पाळी आली! चार माणसांत बोललात, आता हेही चार माणसांत सांगा. तेवढ्याच आवाजात."

"बरोबर बोलतायत त्या," नणंद म्हणाली. ताईची बाजू न घेण्याची तिची ती पहिलीच वेळ होती.

क्रम लागला होता, मेलेली डिस्क बाजूला होती. गुरुवारी दुपारी पहिलं चित्र उघडलं, कुणाचं तरी कोपर, दोन तुकडे झालेलं आणि अगदी स्पष्ट. शुक्रवारी सकाळपर्यंत नऊ वर्षांचं सगळं परत आलं, एकही फाइल न गमावता. दुसऱ्या कुठल्या वेळी नणंदेनं त्या आनंदात दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं असतं.

केंद्राच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्यांच्या चार रांगा होत्या आणि चारही भरलेल्या. कुणी हात गळ्यात बांधलेला, कुणी मोठी पाकिटं मांडीवर घेतलेली. मावशी रेकॉर्डच्या बंद दारापाशी स्टुलावर बसल्या होत्या. जावईबापू हसत पुढे आले, त्यांनी रिपोर्ट उभ्या उभ्या वाचला आणि हसू आवरतं घेतलं.

"एवढं खोलात कशाला?" ते आणखी हळू बोलू लागले. "मानवी चूक, एवढंच लिहू या. तुमच्याच दुकानाचं नाव खराब होईल हो. मावशींचं मी बघतो काय ते."

"मानवी चूकच आहे," ताई म्हणाली. "त्या मानवाचं नाव खाली लिहिलंय. तुम्हाला नावानिशी हवं होतं ना?"

"हळू बोला, पेशंट बसलेत."

"मंगळवारी मी यांच्यावर ओरडत होते तेव्हा नाही म्हणालात, हळू बोला!"

चारही रांगांतल्या माना वळल्या. मग तिनं सांगितलं, दुकानात जेवढ्या आवाजात ओरडली होती तेवढ्याच आवाजात, कदाचित थोडं वरच. "या बाईंनी चूक केली असं मी चारचौघांत म्हणाले. खोटं होतं ते! पट्टी मी लावली, चुकीची लावली, नऊ वर्षांपूर्वी, आणि वर शाबासकी घेतली. पट्टीवर जे लिहिलं होतं तेच त्यांनी वाचलं. दोनपर्यंत मोजता मला येत नव्हतं, त्यांना नाही! आणि बंद पडलेल्या पेटीतून डिस्क उपसून, पुसून, पिशवीत कोंबून यांनी आणल्या," तिनं जावईबापूंकडे बोट केलं, "त्यांची किल्ली कुणी काढून घेतली नाही!"

आतल्या दारात मोठे डॉक्टर कधीचे येऊन उभे होते. त्यांनी जावयाच्या हातातला कागद घेतला, चष्मा वर करून शेवटपर्यंत वाचला, आणि रिकामा तळहात पुढे केला. जावईबापूंनी खिशातून किल्ली काढून त्यावर ठेवली. डॉक्टर स्वतः चालत स्टुलापर्यंत गेले. "मावशी, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं," ते म्हणाले. मावशींनी किल्ली घेतली, कमरेला खोचली, आणि "हो, हवं होतं" असं म्हणून दार उघडलं.

ताई पेटी घेऊन त्यांच्यामागे आत गेली. कपाटांच्या मधल्या टेबलावर पेटी ठेवताच मावशींनी ड्रॉवरमधून कोऱ्या पट्ट्या आणि पेन काढून तिच्यापुढे सरकवलं.

"आधीच्या काढा."

नऊ वर्षांचा डिंक होता. तिनं नखानं खरवडून एकेक पट्टी काढली. सहाची सगळ्यात शेवटी, रेघेसकट.

"आता लिहा. मी बघते."

तिनं लिहिलं. शून्य. एक. दोन. प्रत्येक आकड्यावर मावशी बोट ठेवून मोठ्यानं वाचत आणि मगच पुढची पट्टी देत. पाचावर खण संपले. सहा आलाच नाही, आणि तिचा हात रेघ मारायला उगाच पुढे गेला आणि थांबला.

"वर हेही लिहा, की मोजणी शून्यापासून," मावशी म्हणाल्या. "वाचणाऱ्याला कळायला नको?"

तिनं तेही लिहिलं.

"अशा आणखी किती पेट्यांवर लावल्यात?"

तीन वर्षं, आठवड्याला चार. ताईनं मनात गुणाकार केला. "सहाशे असतील."

"सहाशे!" मावशींनी तिच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि उरलेल्या कोऱ्या पट्ट्यांचा गठ्ठा तिच्या मुठीत कोंबला. "म्हणजे अशा सहाशे खोल्यांत कुणीतरी माझ्यासारखी बसलीय, आणि तुम्ही इथे उभ्या काय राहिलात?"

आणि त्यांनी तिच्या तोंडावर दार लावून घेतलं.